नांगर पलटेपर्यंतचं बोलणं

आम्हा नवराबायकोचं महत्त्वाचं बोलणं घरात फारसं झालंच नाही. घरात आत्ती, म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांच्या गुडघ्यांनी काम सोडलं तसे त्यांचे कान जास्तच तिखट झाले. शिवाय मुलगी. त्यामुळे जे काही खरं बोलायचं असेल ते रानात, आणि रानातही बांधावर, नांगर पलटायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात.

आमचा ट्रॅक्टर छोटा. उसाच्या सरीतून जाईल एवढ्या बेताचा. गावातले मोठ्या ट्रॅक्टरवाले त्याला खेळणं म्हणत, आणि त्यावर ह्यांचं उत्तर ठरलेलं असे, "खेळणं हाय तर खेळतोय की, तुमच्या पोटात का दुखतंय?" उसाची खोडकी काढायला मोठा ट्रॅक्टर भाड्यानं बोलवावा लागे हे खरं. पण मुरगूडच्या अलीकडे, माळाला आमचं जे रान आहे, भुईमुगाचं आणि शाळूचं, ते आमचं आम्हीच नांगरायचो. नांगर पलटी होता, पण हातानं पलटायचा. तास, म्हणजे नांगराची ओळ, टोकाला आलं की नांगर वर उचलायचा, खुट्टी काढायची, लोखंडी दांडा धरून खालचा फाळ वर आणि वरचा खाली करायचा, खुट्टी परत घालायची आणि त्याच तासाला लागून माघारी. ओढ्याकडच्या टोकाला ते स्वतः उतरून पलटत. बांधाकडच्या टोकाला मी.

हे काम मला कुणी सांगितलं नव्हतं. लग्नानंतरच्या पहिल्याच नांगरटीला भाकरी घेऊन गेले होते. ते उतरायच्या आत मी पुढं झाले आणि म्हणाले, "थांबा, मी पलटतो." आमच्या कोल्हापूरकडं बायकासुद्धा येतो, जातो, बसतो असंच बोलतात, बाहेरच्या माणसाला हसू येतं, आम्हाला येत नाही. त्या दिवशी दांडा माझ्याच्यानं अर्धा फिरला आणि अडला. ते सीटवर बसून हसत राहिले, मदतीला आले नाहीत. मी चिडून लाथ मारली तेव्हा नांगर पलटला. तेव्हापासून ते टोक माझं झालं.

डिझेल जळत असताना गप्पा मारायच्या नाहीत, हा त्यांचा नियम. म्हणून एका फेऱ्याला एकच वाक्य. ते एक वाक्य टाकत आणि निघून जात. उत्तर द्यायचं तर ते ओढ्याला जाऊन परत येतील तेव्हा. एखादं भांडण निम्मं रान चालायचं. मी तापट. माहेरी सगळे म्हणायचे, हिच्या नाकावर राग. पण बांधावर उभं राहून उत्तर घोळवता घोळवता माझा निम्मा राग उतरायचा, आणि उरलेला मी नांगरावर काढायची. मुलीचं नाव असंच ठरलं. तिला कोल्हापुरात कॉलेजला ठेवायचं हेही असंच ठरलं. त्याला मात्र दोन हंगाम लागले, कारण तिला सोडायला मीच तयार नव्हते.

दांडा फिरवताना हमखास एखादं काकण फुटायचं. फुटलं असं म्हणायचं नाही, वाढलं म्हणायचं. सवाष्णीनं फुटलं म्हणू नये. आत्ती माझ्या हाताकडं बघून रोज पुटपुटायच्या, "ह्या नांगरापायी हिचं हात मोकळं ऱ्हात्यात." मग हे जोतिबाला गेले की तिथून, मुरगूडच्या बाजाराला गेले की कासाराकडून, हिरव्या बांगड्या घेऊन यायचे. माझं माप त्यांना पाठ होतं. दुसऱ्या बायकांचे नवरे साडी आणतात, माझा नवरा काचा आणतो, असं मी चिडवायची.

मागल्या हिवाळ्यात त्यांच्या पोटात दुखायला लागलं. शाळू राखणीला असताना काहीतरी शिळं खाल्लं असेल म्हणून आम्ही ओवा, हिंग केलं. मग कोल्हापूरला दाखवलं, गाठ निघाली, ऑपरेशन झालं. मला दिरांनी सांगितलं, गाठ काढली, आता अंगात ताकद आली की झालं. मी ते खरं मानलं, कारण मला तसंच मानायचं होतं. माणूस दिवसेंदिवस वाळत होता आणि मी आत्तींना सांगत होते, "ऑपरेशन झाल्यावर असंच असतंय."

उन्हाळ्यात एका सकाळी मुरगूडचा मिस्त्री दारात आला. गाडीवर पोतं बांधलेलं. पोत्यातनं त्यानं एक व्हॉल्व्ह, दोन लांब होज पाईप, कपलर आणि नांगराला लावायचा जॅक काढला. हायड्रोलिकचं सामान. हे बसवलं की नांगर तेलाच्या जोरावर पलटतो. खुट्टी नाही, दांडा नाही, खाली उतरायचं नाही. सीटवर बसून नुसता लिव्हर ओढायचा.

"हे आणि कशाला?" मी विचारलं.

"काकणं वाढायची न्हाईत आता," ते म्हणाले. मला नाही, आत्तींना बघून म्हणाले. आत्ती खूश झाल्या. "बरं केलंस बाबा," म्हणाल्या. मिस्त्रीसाठी त्यांनी स्वतः उठून पोहे टाकले, गुडघे विसरून.

मीही खूश झाले, खोटं कशाला बोलू? मला वाटलं, नवीन काही करावंसं वाटतंय म्हणजे माणूस बरा होतोय. मी पदर खोचून मिस्त्रीला पाना द्यायला उभी राहिले. त्यानं जुनं तेल घमेल्यात काढलं. पंपाकडनं येणारी लाईन सोडली, व्हॉल्व्ह त्या लाईनमध्ये घेतला. दोन पाईप मागं नांगरापर्यंत नेले, घासून फाटू नयेत म्हणून पट्टीनं आवळले. हे बाजेवर बसून सगळं बघत होते. मधेच सूचना द्यायचे. मिस्त्री म्हणाला, "मालक, तुम्ही पडा जरा, मी काय पळून जात न्हाय." त्यावर ते हसले आणि पडले नाहीत.

मग लिव्हर कुठं बसवायचा हे ठरवायची वेळ आली. चाकावरच्या चिखलाच्या पत्र्याला भोक पाडून तिथं तो आवळायचा होता. मिस्त्री म्हणाला, "मालक, या, सीटवर बसा. हात कुठवर पोचतोय बघतो आन् तिथं भोक मारतो."

"माझा नगं," ते म्हणाले. "हिचा बघ."

मला गंमत वाटली. मी चप्पल काढून वर चढले, सीटवर बसले. पाय क्लचला नीट पुरत नव्हते म्हणून सीट पुढं ओढली. हे बाजेवरनं उठून आले, माझा उजवा हात मनगटाला धरून सरळ केला. "ताणू नको. दिवसभर बसल्यावर हात जिथं सहज पडंल तिथं पायजे," मिस्त्रीला म्हणाले. त्यांची बोटं माझ्या मनगटाभोवती होती. त्या बोटांत काही उरलं नव्हतं. मिस्त्रीनं माझ्या मुठीखाली पत्र्यावर खडूनं फुली मारली.

त्या फुलीकडं बघताना मला कळलं. कुणी सांगितलं नाही, तरी कळलं. हे काकणांसाठी नव्हतं आणि त्यांच्यासाठीही नव्हतं.

मी खाली उतरले. चप्पल उलटसुलट घातली आणि घरात गेले. चहाची वेळ झाली, मी चहा ठेवला नाही. बाहेर मिस्त्रीचं ड्रिल सुरू झालं. त्या आवाजात मी भांडी आपटली, म्हणजे कुणाला कळायचं नाही. संध्याकाळी मिस्त्री गेल्यावर ते आत आले, म्हणाले, "चल, चालवून बघ एकदा."

"मी न्हाय शिकत," मी म्हणाले. "तुमचा टॅक्टर हाय, तुमी चालवा."

माझ्या डोक्यात एकच होतं, आणि ते वेड्यासारखं होतं हे आज लिहितानाही मला मान्य करायचं नाही. मला येत नाही तोवर त्यांना जाता येणार नाही. रान कुणाच्या भरवशावर टाकून जाईल हा माणूस? त्याला रान टाकून लग्नाकार्याला जायचं जिवावर यायचं. मग मी शिकलेच नाही तर? त्यांनी आठवडाभर विनवलं, एकदा चिडले, एकदा आत्तींकडनं सांगवलं. मी कधी धुणं काढायची, कधी डोकं दुखतंय म्हणायची. अडाण्याचा गाडा म्हणाल तर म्हणा, मी तो तसाच ओढत होते.

वळवाचा एक पाऊस झाला आणि माळ नांगरायला आला. एका सकाळी उठून बघते तर दारात ट्रॅक्टर नाही. आत्ती म्हणाल्या, "गेला की नांगराय. तुला उठवू नगं म्हणाला." मी केस न विंचरताच पळाले. रानात पोचले तेव्हा ते ओढ्याकडनं बांधाकडं येत होते. सीटवर उशी बांधलेली. मी सवयीनं माझ्या जागी जाऊन उभी राहिले, हात दांड्यासाठी पुढं.

ट्रॅक्टर टोकाला आला. त्यांनी लिव्हर ओढला. नांगर माझ्यासमोर हवेत उचलला गेला, एक हिसका बसला आणि सावकाश पलटला. माझे हात तसेच पुढं राहिले. माझ्या अंगाला ते काम इतकं सवयीचं झालं होतं, आणि आता तिथं मला करायला काही नव्हतं. त्यांना थांबायचीही गरज नव्हती. पण ते थांबले. नियमाप्रमाणे एक वाक्य बोलले.

"दिवाळी दिसंल असं डॉक्टर म्हणत न्हाय."

आणि गेले.

ओढ्यापर्यंत जाऊन यायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ माझ्याकडं होता. ट्रॅक्टरची पाठ लहान होत गेली. मी बांधावर उभी. रडता आलं असतं, रडले नाही. उत्तर शोधत होते. मुंबईला नेऊया म्हणावं? तिथं कागद दाखवून झाले होते, हे माझ्या आत्ता लक्षात येत होतं. त्यांचे भाऊ मध्ये दोन दिवस कुठं गेले होते ते आत्ता कळत होतं. नवस बोलावा? बोलला होता. खोटं बोलताय म्हणावं? ते खोटं बोलायचे नाहीत, फक्त उशिरा बोलायचे. पलीकडच्या टोकाला नांगर पलटला, ते वळले आणि माझ्याकडं यायला लागले. मला त्या माणसाचा फार राग आला. मग तो जवळ येत गेला तसा दिसायला लागला, उशीला टेकलेला, एका हातानं पोट धरलेला, तोंड वाळलेलं, आणि तरी तास सरळ ठेवलेलं. हा माणूस असाच फेऱ्यावर फेरे मारत राहणार होता, माझं उत्तर येईपर्यंत. राग कुठं ठेवावा कळेना.

टोकाला आल्यावर मी म्हणाले, "उतरा. मी बसतो."

ते उतरले. मी हात दिला तेव्हा त्यांचं सगळं वजन माझ्या हातावर आलं आणि ते काहीच नव्हतं. मी सीटवर बसले, उशी त्यांना दिली. लिव्हरला हात टाकला तर तो बरोबर माझ्या मुठीत होता.

त्यानंतर ते रान आम्ही जागा बदलून नांगरलं. ते बांधावर दगडाला टेकून, डोक्यावर टॉवेल टाकून बसायचे, मी फेरे मारायची. रोज थोडं थोडं, ऊन चढायच्या आत. आता वाक्यं त्यांची आणि फेरा माझा. मी टोकाला येऊन लिव्हर ओढायची, नांगर पलटायचा, मी थांबायची.

"क्लच हळू सोड, घोडं न्हाय ते."

"मागं बघत जा. फुडं सगळीच बघत्यात."

"आईची गोळी सकाळची, जेवून. उपाशी देऊ नगं."

"लिव्हर लगीच सोडू नगं. पुरता पलटू दे."

"पोरगीचं लगीन तिच्या मनानं. भावकीला इचारत बसू नगं."

ट्रॅक्टरचं आणि संसाराचं ते असं मिसळून सांगत राहिले, आणि मी मान हलवून निघून जायची. एकदा माझं तास इतकं वाकडं गेलं की ते बसल्या जागी हसले. "साप गेलता का काय?" म्हणाले. मीही हसले. आम्ही त्या रानात हसलो, हे मला आता कुणाला सांगितलं तरी खरं वाटत नाही.

शेवटचा पट्टा राहिला होता त्या सकाळची गोष्ट. मी टोकाला आले, लिव्हर ओढला, थांबले. मला वाटलं आज वाक्य नाही, म्हणून गिअर टाकला. तेव्हा म्हणाले,

"माझ्याबिगार निभंल न्हवं?"

उत्तर पुढच्या फेऱ्याला. मी निघाले. जाताना ठरवलं, निभंल म्हणायचं. माणसाला दुसरं काय ऐकायचं असतं? ओढ्याच्या टोकाला नांगर पलटताना ठरवलं, नाही, खरं बोलायचं, ह्या माणसाशी ह्या बांधावर मी कधी खोटं बोलले नाही. येताना परत पहिलं बरं वाटलं. टोक जवळ आलं तर ते दगडापाशी अंगाची जुडी करून पडलेले होते. ट्रॅक्टर तासातच बंद करून मी धावले. शेजारच्या रानातली माणसं आली, त्यांना उचलून घरी नेलं, घरातनं दवाखान्यात. उत्तर तसंच राहिलं. पुढं त्यांनी विचारलं नाही आणि मी काढलं नाही. दवाखान्यात मी रात्रंदिवस शेजारी बसून होते, बोलायला हवा तेवढा वेळ होता, आणि आम्हाला असं बोलायची सवयच नव्हती.

गौरी-गणपती झाले आणि ते गेले.

त्यांना अंगणात ठेवलं होतं. आसपासच्या गावांनी बायकांच्या बांगड्या फोडायची पद्धत बंद करायचे ठराव केलेत. आमच्या गावातही सभा झाली होती, सगळ्यांनी हात वर केले होते. पण ठराव चावडीत राहतो आणि बायका अंगणात येतात. भावकीतल्या एका थोरल्या बाईनं माझा हात धरून उंबऱ्याशी नेला. तिच्या दुसऱ्या हातात दगड होता. ती दुष्ट नव्हती, रडत होती. तिच्याही तशाच फोडल्या होत्या कधीतरी. मी हात दिला. माझ्यात भांडायची ताकद नव्हती, मी, जी सगळ्या जगाशी भांडायची.

आत्ती भिंतीला धरून उभ्या राहिल्या. त्यांना धड चालवत नाही, पण आवाजाला काही झालेलं नव्हतं.

"सोड तिचा हात," त्या म्हणाल्या. "तिची काकणं वाढू नयेत म्हणून माझ्या पोरानं मरता मरता त्या टॅक्टराला मिशन बसवलंय. आन् तू धोंडा घिऊन आलीस व्हय?"

त्या बाईनं दगड खाली ठेवला. आत्ती तिथंच बसल्या आणि पहिल्यांदा मोठ्यानं रडल्या. आणि मला वाटलं, ह्यांनी त्या दिवशी आईकडं बघून सांगितलेलं कारण खोटं नव्हतंच. त्यांच्या आईनं ते खरं करून दाखवलं.

दिरांनी पेरलेला भुईमूग काढून झाला. शाळू पेरायचा तर माळ नांगरायला हवा होता. दीर म्हणाले, वैनी, मी नांगरून देतो. मी नको म्हणाले. सकाळी बांगड्यांवर जुन्या लुगड्याची पट्टी गुंडाळली, नंतर आठवलं की आता दांडा फिरवायचा नाही, पट्टीची गरज नाही, म्हणून सोडली. ट्रॅक्टर चालू केला. बरेच दिवस उभा होता, पाईपच्या सांध्याला थोडं तेल पाझरत होतं, पान्यानं आवळलं. सीटला ती उशी बांधलेली होती, म्हणजे पोरगीनं परत बांधली असणार. राहू दिली.

ओढ्याकडनं पहिलं तास घेऊन बांधाकडं आले. लिव्हर ओढला. नांगर उचलला गेला, पलटला. हातातली एकही बांगडी वाजलीसुद्धा नाही. आणि मी थांबले. पाय आपोआप क्लचवर गेला. बांधावर दगड होता, दगडावर ऊन होतं. मी परत गिअर टाकून गेले. पुढच्या फेऱ्याला परत थांबले, त्याच्या पुढच्या फेऱ्यालाही. शेजारच्या रानातनं दिरांनी हाक मारली, "वैनी, थांबताय कशाला? लिव्हर वडला की झालं की!"

मी हात हलवला. डिझेल जळत होतं. त्या माणसाचा नियम मी रोज मोडत होते, एक वाक्यही न बोलता.

शेवटच्या पट्ट्यावर आले, तोच पट्टा, जो त्या सकाळी अर्धा राहिला होता. टोकाला आले, लिव्हर ओढला, नांगर पुरता पलटेपर्यंत धरून ठेवला. मग दगडाकडं बघून म्हणाले,

"न्हाय निभत. पर नांगरट हुतीया."

इंजिनाच्या आवाजात ते माझं मलाच नीट ऐकू आलं नाही. मी क्लच हळू सोडला आणि ओढ्याकडं निघाले.